एका सशाचा भात

एकदा एका घरावर असा प्रसंग आला, की जेवणारी माणसे एकवीस आणि शिकार मात्र एका सशाची.

गोष्ट जुनी आहे. डोंगराच्या कडेला वसलेल्या गावांना तेव्हा रानाचाच आधार असे आणि शिकारीला मनाई नव्हती. अशाच एका गावात आबा नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. तरुणपणी त्यांनी पुष्कळ रान तुडवले होते. पुढे नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी बंदूक खुंटीला टांगली आणि ते शिकारीचा भात शिजवू लागले. रानातले मांस घरातल्या चुलीवर चढवायचे नाही, अंगणात तीन दगड मांडून पुरुषांनीच शिजवायचे, अशी तिथली रीत होती. आबांच्या हातचा भात खाण्यासाठी लोक शेजारच्या गावाहून येत.

आबांचा एक शिष्य होता, कोंडिबा. माग कसा काढावा, वारा कोणत्या बाजूने वाहतो ते कसे ओळखावे, हे तो दोन वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता. परंतु या दोन वर्षांत त्याच्या हाती काहीच लागले नव्हते. घरात त्याची चेष्टा होई. थोरला भाऊ म्हणे, "आमच्या कोंडिबाला रानातले ससे चांगले ओळखतात. लांबूनच कान हलवून रामराम घालतात."

आणि एके दिवशी सकाळी कोंडिबाला ससा मिळाला. तो घरी न जाता थेट आबांच्या दारात आला.

"आबा, मिळाला एकदाचा."

"मग तोंड असं का? वाटेत सशाचे नातेवाईक भेटले काय?"

कोंडिबा हसला नाही. ससा खाली ठेवून तो पायरीवर टेकला. "आमच्या घरची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मारणाऱ्याला मागचा पाय, आईला काळीज, मग भाऊ, मग पोरं. बायका शेवटी, त्यांना मान आणि रस्सा. शिमग्याला मधल्या दादानं भेकर मारलं. वाढताना त्यानं आपल्या पोरांना मांडीचं घातलं आणि थोरल्या दादाच्या पोरांना नुसत्या बरगड्या. थोरल्या वहिनी तेव्हाच म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर मी माझी चूल वेगळी मांडीन. आणि वहिनी बोलतात ते करतात."

"भेकर मोठं असूनही पुरलं नाही. आता तर ससाच आहे."

"तेच तर."

"मग तू तुझा पाय सोडून दे."

कोंडिबा खाली पाहू लागला. खरे सांगायचे, तर त्याला पाय हवा होता. भूक होती म्हणून नव्हे. आपल्या ताटात तो सगळ्यांना दिसावा म्हणून. "दोन वर्षांनी मिळालाय, आबा," तो हळूच म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि काठी हातात घेतली. "चल तुझ्या घरी. भात मी शिजवतो. तू लाकडं घाल आणि मधे बोलू नकोस."

अंगणात तीन दगड मांडले गेले. ससा भाजून, सोलून, धुऊन झाला. थोरल्या भावाने पातेल्यात डोकावून पाहिले. "एकवीस माणसांत हा? आबा, निदान वास तरी सगळ्यांना पुरवा."

आबांनी ससा सबंधच पातेल्यात ठेवला. हळद, मीठ, आले-लसूण लावून भरपूर पाणी ओतले आणि मंद जाळावर तो दुपारपर्यंत शिजू दिला. थोरल्या वहिनी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांची नजर पातेल्यावरून हलत नव्हती. कोणता तुकडा कुणाकडे जातो, हे पाहण्याची त्यांची पुरती तयारी होती.

मांस मऊ झाले, तेव्हा आबांनी ते परातीत काढले. मग त्यांनी असे काही केले, की सारेच चकित झाले. हाडांवरचे सगळे मांस त्यांनी बोटांनी सोडवले आणि त्याचे दोऱ्यासारखे बारीक तंतू करू लागले. पाठ गेली, खांदा गेला. काळीज तर त्यांनी हाताने कुस्करूनच टाकले. मग त्यांनी मागचा पाय उचलला.

"आबा, तो पाय..." कोंडिबाच्या तोंडून निघून गेले.

"जाळ मोठा झालाय. लाकूड मागे ओढ," आबा म्हणाले आणि त्यांनी पायाचेही तंतू केले.

मधल्या भावाला राहवले नाही. "चांगला शिजला होता की. त्याच्या चिंध्या कशाला केल्या?"

उघडी हाडे त्यांनी पुन्हा पाण्यात टाकून आणखी उकळली आणि त्यांचा सगळा कस उतरल्यावर ती काढून टाकली. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात कांदा-खोबऱ्याचे वाटण खमंग परतले, त्यात तांदूळ घातले, वरून ते हाडांचे पाणी ओतले आणि मांसाचे तंतू सगळीकडे सारखे कालवले. झाकणावर निखारे ठेवले. थोड्याच वेळात असा सुवास सुटला, की थोरला भाऊ चेष्टा विसरून ताटे मांडू लागला.

वाढायला थोरल्या वहिनी उभ्या राहिल्या. पहिल्या ताटात पळी रिकामी करताना त्या थांबल्या. दुसऱ्या ताटाशीही थांबल्या. तुकडा कुठे दिसतो का, हे शोधत होत्या. तुकडा नव्हताच. होता तो केवळ भात, तपकिरी, मोकळा आणि वाफाळलेला.

"पाय कुणाला गेला?" थोरल्या भावाने विचारले. सगळ्यांनी एकमेकांच्या ताटांत पाहिले आणि मग सगळेच हसू लागले, कारण सगळ्या ताटांत सारखेच होते.

आईने पहिला घास घेतला. "अरे, शितागणिक चव लागतेय," ती म्हणाली. पोरांनी दोनदा मागून घेतले.

रीतीप्रमाणे बायका शेवटी बसल्या. थोरल्या वहिनींनी पातेल्याचा तळ खरवडला, तर तिथे खमंग लालसर खरपूस थर होता आणि मांसाचे तंतू सर्वांत जास्त तिथेच उतरले होते. त्यांनी धाकट्या जावेच्या, म्हणजे मधल्या भावाच्या बायकोच्या ताटात मोठा डाव घातला, मग स्वतःला घेतले. चार घास खाल्ल्यावर त्या हसून मोठ्याने म्हणाल्या, "आबा, पुरुष मंडळी फसली. खरी शिकार तळाला बसली होती."

"तळाचा भात नेहमीच चांगला असतो, बाई," आबा म्हणाले. "पण ते शेवटी जेवणाऱ्यालाच कळतं."

ऊन उतरल्यावर कोंडिबा अंगणात राखेने पातेले घासत बसला होता. आबा जवळच बसले होते.

"रागावलास?"

"रागावलो नाही. पण ससा मी मारला, हे कुठे दिसलंच नाही."

आबा म्हणाले, "ससा कापून वाटला असता, तर त्याचे फार तर दहा तुकडे झाले असते. खाणारे दहा आणि पाहणारे अकरा. खाणाऱ्यानेही आपला घास गोड मानला नसता, कारण त्याची नजर शेजारच्या ताटात असती. तुला पाय मिळाला असता आणि तू तो चार घासांत संपवला असतास. वस्तू थोडी असली, की ती कापून वाटू नये. तिचा कस निघेपर्यंत शिजवावी आणि सगळ्यांच्या अन्नात उतरू द्यावी. मग ती थोडी राहत नाही. आज एकवीस माणसं तुझ्या शिकारीवर जेवली, बाळा. एका पायावर एवढ्यांचं पोट भरलं असतं का?"

कोंडिबाचा हात थांबला. थोड्या वेळाने त्याने पातेले पाण्याने विसळले आणि उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात उपडे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, तेव्हा थोरल्या वहिनी घरातल्या त्याच जुन्या चुलीपुढे बसून साऱ्या घराच्या भाकऱ्यांचे पीठ मळत होत्या. धाकटी जाऊ शेजारी बसून भाकरी थापत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. कोंडिबाने लाकडांची मोळी आणून चुलीजवळ ठेवली.

आपल्याही घरी कधी कधी एकच ससा येतो. तो कधी थोड्याशा कौतुकाचा असतो, कधी थोड्याशा सवडीचा. त्याचे तुकडे करण्याआधी जरा पातेले चढवून पाहावे.