डावा पीळ, उजवा पीळ

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की आज ज्यांना आपण डोंगर म्हणतो ते तेव्हा नुकते रांगायला लागले होते.

त्या काळी एक दरी होती. किती खोल म्हणाल? आजोबांनी काठावरून दगड सोडावा आणि तो तळाला आपटल्याचा आवाज नातवाने ऐकावा, एवढी खोल. खोटं वाटत असेल तर जा, दगड सोडून या. आवाज आला नाही तर नातवाला माझ्याकडे तक्रारीला पाठवा.

रुंदीला मात्र दरी बेताचीच होती. या काठावर कुणी शिंकलं की त्या काठावरची म्हातारी दचकायची. या काठावर उगवतवाडी, त्या काठावर मावळतवाडी. दोन्ही गावांना एकमेकांची भांडणं ऐकू येत, अंगाईगीतं ऐकू येत, पण एका गावचा माणूस दुसऱ्या गावात कधी गेला नव्हता. वळसा घालून जायचं तर दरी जिथे सुरू होते त्या माळापर्यंत चालायचं आणि तिथून पुन्हा तेवढंच उलट. शिदोरीतली भाकरी वाळून कौल व्हायची.

मग एक वर्ष असं आलं, की उगवतवाडीच्या विहिरी आटल्या. कणग्या ज्वारीने भरलेल्या, पण पीठ भिजवायला पाणी नाही. त्याच वर्षी मावळतवाडीची शेतं टोळांनी खाल्ली. तिथला झरा खळखळून वाहत होता, पण चुलीवर शिजवायला नुसतं पाणीच. दोन्हीकडच्या थोरांनी काठावर उभं राहून, खूप घसा खाकरून, शेवटी ठरवलं: पूल बांधायचा. अर्धा दोर तुमचा, अर्धा आमचा, गाठ मधोमध.

पुलाच्या बाबतीत दोन्ही गावांची रीत एकच होती, हेही एक नवलच. दोर लग्न न झालेल्या पोरापोरींनी वळायचा आणि गाठ लग्न झालेल्या हातांनी मारायची. दोर पुरा होईपर्यंत वळणघरात थोरांनी पाऊल टाकायचं नाही आणि गाठीला पोरांनी बोट लावायचं नाही.

बाकी सगळ्या रीती उलट्या. उगवतवाडीत दोर उजव्या पिळाचा. डावा पीळ फक्त तिरडीच्या दोरीला. मावळतवाडीत गाय बांधायचा दोर डाव्या पिळाचा, पाळण्याची दोरीही डाव्या पिळाची. उजवा पीळ फक्त फासाच्या दोराला. म्हणजे एका गावचा पाळणा तो दुसऱ्या गावचा मरणाचा दोर.

उगवतवाडीत सगळ्यांत चांगला दोर वळायची ती रुंजी. पंधरा-सोळा वर्षांची, हाडकुळी, जिभेने तिखट. तिचे हात एवढे चपळ होते, की एकदा बोलता बोलता तिने शेजारणीच्या वेणीचाच दोर वळला आणि त्याला बकरी बांधली. निदान बकरी तरी तसंच सांगायची.

दोरासाठी वाखाचे धागे काढायला रुंजी गावच्या पोरांना घेऊन माळावर गेली, कारण अंबाडी तिथेच माजलेली. तिथे मावळतवाडीची पोरंही आलेली. त्यांच्यात पुढे होता धुळबा, खांद्याने रुंद, कानांनी त्याहून रुंद.

पहिल्या दिवशी धुळबाने तिला भाकरी दिली आणि लगेच पाठ फिरवून बसला.

रुंजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने भाकरी त्याच्या पाठीत हाणली. "कुत्र्याला टाकतोस का रे? तोंड दाखवायची लाज वाटते?"

"अगं बाई, मारतेस काय!" धुळबा पाठ चोळत म्हणाला. "आमच्यात पाहुणा जेवत असताना त्याच्या घासाकडे बघत नाहीत. नजर नको लागायला, आणि त्याला लाजल्यासारखंही नको व्हायला. मान देत होतो तुला."

"असला मान पाठीवरच खावा लागतो," रुंजी म्हणाली. पण तिने भाकरी उचलली, धूळ झटकली आणि खाल्ली. तो पाठ करून बसला होता, तरी त्याचे कान हसताना हलले ते तिला दिसलं.

त्यानंतर दोघांचं जमलं. त्यांचं बघून बाकीच्यांचंही. कुणाकडे कसं नाचतात, कुणाकडे रडताना कुठे हात ठेवतात, सगळ्याची देवाणघेवाण झाली. आणि मग एक दिवस वाखाचा भारा झाडावर टांगायला दोर कमी पडला. रुंजीने आपला दोर धुळबाच्या दोराला बांधला.

भारा वर चढला. गाठ हळूच फिरली. पुन्हा फिरली. मग भोवऱ्यासारखी गरगरू लागली, दोन्हीकडचे पेड सुटे होत गेले आणि भारा धुळबाच्या पायाच्या अंगठ्यावर आला.

अंगठा धरून नाचणं संपल्यावर त्यांनी पुन्हा बांधून बघितलं. उजव्याला उजवा बांधला, गाठ जागची हलली नाही. डाव्याला डावा, तेच. डाव्याला उजवा बांधला, की भार पडताच एकाचा पीळ दुसऱ्याचा पीळ उलगडायचा.

पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. पूल तसाच बांधला जाणार होता.

रुंजीने गावात येऊन थोरल्या आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मग सोपं आहे. त्यांना म्हणावं, उजवा वळा."

"ते म्हणणार, तुम्ही डावा वळा."

"तिरडीच्या दोरावरून चालू? पोरी, तहानेने मेलो तर मेलो, निदान रीतीने मेलो असं तरी होईल. आणि मी मारलेली गाठ आजवर कधी फिरली नाही." आणि आबा आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

पलीकडच्या थोरांनीही धुळबाला हेच ऐकवलं, फक्त फासाचं नाव घेऊन.

वाखाची शेवटची खेप न्यायला दोघं माळावर भेटले तेव्हा पोरांना एवढं कळलं होतं, की करायचं ते आपल्यालाच. वळणघरात थोर येत नाहीत. दोर झाल्यावर वरून राळ आणि राख चोपडली की पीळ दिसत नाही. एका गावाने गुपचूप बदलायचं, बस. पण कोणत्या?

"तू बदल," रुंजी म्हणाली. "तुझे खांदे रुंद आहेत, पाप मावेल."

"तू बदल. तुझे हात चपळ, लवकर शिकतील."

"माझी आजी गेल्या साली डाव्या पिळाच्या दोरीने बांधून नेली. तो पीळ मी वळू?"

"आणि माझ्या काकाला ज्या दोराने..." धुळबाने वाक्य पुरं केलं नाही.

थट्टा करता करता दोघांचाही आवाज चढला. "तुम्ही उगवतवाडीचे सगळे असलेच, ताठ!" "आणि तुम्ही पाठ फिरवणारे!" ती त्याच्या रीतीला नावं ठेवत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. तरी ते बोलणं लागलं. दोघं आपापला भारा उचलून दोन दिशांना गेले.

वळणघरात रुंजी वाखाचे पेड घेऊन बसली. हात उजवीकडे वळू लागले आणि थांबले. धुळबाचं तुटलेलं वाक्य तिच्या कानात घुमत होतं. आजी तर अंथरुणावर गेली, ओठांवर तुळशीचं पान ठेवून गेली. त्याचा काका कसा गेला असेल?

"पोरांनो," ती म्हणाली, "आपण डावा वळायचा."

तिची चुलत बहीण किंचाळली, "तिरडीचा पीळ! माझे हात झडतील!"

"झडले तर दरीत टाक. आवाज तुझ्या नातवाला येईल."

पोरं हसली आणि कामाला लागली. बोटं उलटी वळायला तयार होईनात, तळव्यांना फोड आले, काही पोरं वळता वळता आपल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीने रडली. पण वळला.

आता एकच करायचं होतं. धुळबाला सांगायचं. काठावर जाऊन हाक मारली असती तरी पोचली असती. पण ती हाक आबांच्या कानीही गेली असती. खुणेने काही सांगता आलं असतं, एखाद्या गाण्यात घालून सांगता आलं असतं. रुंजीला ते सुचलं नाही असं नाही. पण तिने मनात एक चित्र रंगवलं होतं. पुलाच्या मधोमध ती त्याला सांगणार, 'बघ, ताठ म्हणालास ना? तुझा पीळ वळलाय मी,' आणि त्याचे ते कान लाल होणार. ते लाल कान तिला फुकट घालवायचे नव्हते.

दोर तयार झाला. राळ लागली, राख लागली. बाणाला सूत बांधून पलीकडे सोडलं, सुताने दोरी ओढली, दोरीने पलीकडचे दोर इकडे आले. पायाखाली एक जाड, हातांशी दोन बारीक. गाठी आबांनी मारल्या, वर हळदीचं फडकं गुंडाळलं आणि पलीकडच्यांनी खेचून गाठी दरीच्या मधोमध नेल्या.

रीतीप्रमाणे सगळ्यांत जास्त दोर वळणाऱ्याने पहिलं चालायचं. इकडून रुंजी निघाली, कमरेला ज्वारीची थैली. तिकडून धुळबा, पाठीवर पाण्याने भरलेली कातड्याची पखाल. पखालीचे बंद त्याच्या थोरांनी छातीवर आवळून बांधले होते, पाणी पाहुण्याच्या हाती दिल्याशिवाय ते सुटायचे नाहीत अशी त्यांच्याकडची रीत. माध्यान्हीचं ऊन होतं. दोन्ही काठांवर ढोल वाजत होते.

दोघं मधे आले. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"तुला काहीतरी सांगायचंय," रुंजी म्हणाली.

"आधी मी."

"गप. आधी मी. धुळबा, मी डावा वळलाय. तुझा पीळ. आम्ही सगळ्यांनी."

धुळबाचे कान लाल झाले नाहीत. पांढरे पडले.

"रुंजे," तो म्हणाला, "मी उजवा वळलाय."

दोघांनी खाली बघितलं. हळदीचं फडकं हळूच फिरलं. उन्हाने राळ मऊ झाली होती. फडकं पुन्हा फिरलं.

"मागे पळ!" धुळबा ओरडला.

रुंजीने थैली सोडून दिली. धुळबाला पखाल सोडता येईना. तो एका हाताने बंद ओढत होता आणि बंद त्याच्या गावच्या सगळ्या थोरांनी मिळून आवळलेले होते. "सोड ना रे ते!" रुंजी ओरडली. गाठ गरगर फिरली, पेड सुटे झाले, आणि ढोल एकदम थांबले.

रुंजीच्या मनगटाला हाताजवळचा दोर वेढला गेला होता. ती त्याच्यासकट येऊन कड्यावर आदळली. तिला वर ओढून घेतलं. तिचा तो हात पुन्हा कधी दोर वळण्याजोगा झाला नाही.

धुळबा खाली गेला. त्याचा आवाज रुंजीने ऐकला नाही. दरी किती खोल ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

कड्यावर लोंबणारा सुटलेला दोर आबांनी हातात घेतला, राळ खरवडली आणि डावा पीळ बघून कपाळावर हात मारला. "पलीकडच्यांनी आपल्या पोरांवर करणी केली!" तिकडच्या काठावर त्याच वेळी उजवा पीळ बघून तेच चाललं होतं. रुंजी सांगत होती, रडत होती, बाकीची पोरंही सांगत होती. करणी झालेल्या पोरांचं कोण ऐकतं? दोन्ही काठांवर दोर जाळले गेले. पुन्हा पुलाचं नाव कुणी काढलं नाही.

हात बरा व्हायची वाट न बघता रुंजी वळसा घालून मावळतवाडीला गेली. धुळबाच्या आईसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं, लाल कानांचंसुद्धा.

आई तिच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "तो वळत होता तेव्हा गुणगुणत असायचा. मी बाहेरून विचारायची, काय रे एवढं? म्हणायचा, एकीची गंमत करायचीय."

रुंजीने मान खाली घातली.

"हाक मारली असतीस तर इथवर ऐकू आली असती ना गं?"

"आली असती."

"त्यानेही मारली असती तर तुझ्यापर्यंत पोचली असती."

"हो मावशी."

आई उठली. घरात उरलेल्या मूठभर कोंड्याची भाकरी तिने थापली, भाजली, रुंजीच्या पुढ्यात ठेवली आणि पाठ फिरवून बसली. रुंजीला त्या पाठीचा अर्थ ठाऊक होता. त्या गावात तो अर्थ ठाऊक असलेलं परकं माणूस ती एकटीच होती. ती एकेक घास गिळत राहिली. समोरची पाठ अधूनमधून हलत होती, पण घासाकडे बघायचं नाही तसं पाठीकडेही बघायचं नाही, एवढं तिला आता न सांगता कळत होतं.

त्या वर्षी उगवतवाडी तहानेने उठून गेली आणि मावळतवाडी भुकेने. आज दोन्ही काठांवर नुसती अंबाडी माजली आहे, आणि वारा आला की इकडची तिकडे झुकते, तिकडची इकडे.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: दुसऱ्यासाठी आपली रीत मोडावीशी वाटली, तर मोडण्याआधी त्याला हाक मारून सांगावं.