गोदाची लिली

ज्या काळी माणसं डोंगरांना राजांहून थोर मानत, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात थंडी अशी कडक पडे, की राजबागेतली लिलीसुद्धा एका हिवाळ्यात कुजून जाई.

तिथे गोदा नावाची एक माळीण होती. कड्यावरच्या रानलिलीचे पराग तिने पिसाने राजबागेतल्या लिलीला लावले, बी धरलं आणि रोपं उघड्यावर वाढवली. बहुतेक बर्फात गेली. जी तगली, त्यांचं पुन्हा बी धरलं. असं करता करता तिचे केस पिकले. अखेर एका उन्हाळ्यात, बर्फाला पुरून उरलेली केशरी लिली तिच्या अंगणात फुलली.

राजा स्वतः पाहायला आला. मग दर उन्हाळ्यात त्याची पालखी गोदाच्या दारी थांबू लागली.

गोदाची धाकटी जाऊ साळू शेजारीच राहायची. तिची एकुलती एक लेक नुकतीच वारली होती. ती म्हणाली, "अक्का, एक कंद द्याल का? पोर गेल्यापासून अंगणाकडे बघवत नाही."

नाही म्हणावं तर लोक नावं ठेवतील. द्यावा तर उद्या पालखी साळूच्याही दारी थांबेल. गोदाने एक कंद उकळत्या पाण्यात बुडवून काढला, पुसून कोरडा केला आणि साळूच्या ओटीत घातला. साळू तिच्या पाया पडली.

त्याच हिवाळ्यात उंदरांनी बर्फाखालून गोदाचा वाफा पोखरला. वसंतात तिने माती उकरली, तर आत नुसती बिळं. बीही नव्हतं; कुणाच्या हाती लागू नये म्हणून बोंडं ती हिरवी असतानाच जाळून टाकी.

तेव्हा तिला साळूचा कंद आठवला. आपण तो घाईत बाहेर काढला होता. न जाणो, गाभा जिवंत राहिला असेल. ती धावतच गेली.

साळू वाफ्यापाशी बसली होती. माती भुसभुशीत होती, तणाची काडी नव्हती, आणि वर काहीच उगवलेलं नव्हतं.

"तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, अक्का," ती मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेनं दिलात. माझ्याच हाताला यश नाही. पोर वाचली नाही, कंदही वाचला नाही."

खरं सांगावं असं गोदाच्या मनात आलं; पण "असू दे," एवढंच म्हणून ती परतली.

त्या उन्हाळ्यात पालखी आली आणि न थांबता पुढे गेली. पुन्हा पहिल्यापासून बी धरायला गोदाकडे आयुष्य उरलं नव्हतं. साळू मात्र मरेपर्यंत स्वतःच्याच हातांना दोष देत राहिली.

तात्पर्य: दुसऱ्याला मिळू नये म्हणून जपलेलं आपल्यालाही उरत नाही, आणि त्यापायी केलेलं कपट निष्पापालाच जाळतं.