खोताची विलायती खुर्ची

खाडीकाठच्या एका गावात एक खोत राहत होता आणि त्याच्या ओटीवर एक खुर्ची राहत होती. दोघांत मान कुणाला जास्त, असं विचारलंत तर गावातलं शेंबडं पोरही खुर्चीकडे बोट दाखवी.

खुर्ची विलायतेची. एक गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या सामानातून खोताने ती मिळवली आणि नव्या नवरीला आणावं तशी जपत बैलगाडीतून घरी आणली. तकतकीत काळपट अक्रोडाचं लाकूड. पाठीवर कोरलेले द्राक्षांचे वेल, हातांच्या टोकांना जबडा उघडलेले दोन सिंह आणि बारीक वेताने विणलेली बैठक.

त्या बैठकीवर बसायचं मात्र कुणी नाही. "बसलं की वेत सैल पडतो," खोत सांगे. दसऱ्याला तो खुर्चीला झेंडूची माळ घाली. येणारा-जाणारा आधी खुर्चीला हात जोडी, मग खोताला. आणि खोत स्वतः तिच्या शेजारी घोंगडीवर मांडी घालून बसे. एकदा त्या वेतावर मांजर झोपलं, तर या गृहस्थाने ते पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडलं. गाव हसायचं, पण तोंड फिरवून.

एका दुपारी खोताच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सून पहिलटकरीण, नाजूक, नाव शेवंती. मुलगा होडी घेऊन बंदरावर डॉक्टरांना आणायला गेला. पण ओहोटी लागलेली, त्यामुळे होडी चिखलात रुतून बसली. घरात सुईण तानी होती आणि खोतीण होती.

तानीने वाशाला दोर बांधून शेवंतीला तो धरायला लावला होता. पोरीच्या हातांत आता दोर धरण्याचंही बळ उरलं नव्हतं. तानी घामाघूम होऊन ओटीवर आली.

"खोतदादा, बाळ अडलंय. निजून व्हायचं नाही हे. तिला बसती करायला हवी. पाठीला टेका हवा, हातांना धरायला घट्ट काहीतरी हवं आणि खाली मोकळं हवं."

बोलता बोलता तिची नजर खुर्चीवर गेली. "हिच्यातला वेत कापून द्या."

खोताला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तो ताडकन उठला आणि खुर्चीपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"वेड लागलं काय गो तुला? बाक घे, पाट घे, गोठ्यातलं काय हवं ते घे. हिला कोयता लावायचा नाही!"

"बाकाला पाठ नाही, दादा."

"मग दुसरं काही बघ! बायका काय आजच बाळंत होतायत?"

आत शेवंती ओरडली. मग ओरडणं थांबलं आणि नुसतं कण्हणं ऐकू येऊ लागलं. ते जास्त भयंकर होतं.

तेवढ्यात खोतीण बाहेर आली. तिच्या हातात कोयती होती. लग्न होऊन आल्यापासून या बाईने नवऱ्यापुढे मान वर केली नव्हती. आज ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"अहो, बाजूला व्हा."

"तू सुद्धा? अगं, साहेबाची खुर्ची ती!"

"ठाऊक आहे. मी पहिल्यांदा अडले होते, तेव्हाही ती इथेच होती."

खोताचे हात तसेच पसरलेले होते.

"हिची सासू सुईण होती तेव्हा," खोतीण तानीकडे मान वळवून म्हणाली. "तिनेही हेच मागितलं होतं. तुम्ही इथूनच ओरडलात, 'वेत सैल पडेल!' मी आत पडल्या पडल्या ऐकलं. माझं पहिलं बाळ त्या दुपारी गेलं. तुम्ही संध्याकाळी खुर्ची पुसत होतात."

तानीने तोंडाला पदर लावला. हे लिहिताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण सर्वांत वाईट पुढेच आहे. खोत आठवू लागला आणि त्याला आठवेना. साहेबाचं नाव आठवलं, बैलगाडी आठवली, कुठल्या सिंहाच्या दाताचा टवका उडालेला आहे तेही आठवलं. ती दुपार काही केल्या आठवेना.

त्याचे पसरलेले हात खाली आले. त्याने बायकोच्या हातून कोयती घेतली आणि स्वतः वेतात घातली. जुना, कोरडा वेत कडाकडा तुटत गेला. एवढी वर्षं जपलेली वीण निघायला फारसा वेळ लागला नाही. मग त्यानेच खुर्ची उचलून आतल्या खोलीच्या दारापर्यंत नेली.

शेवंतीने दोन्ही सिंहांची तोंडं मुठीत आवळली. तानी पुढे, खोतीण पाठीशी. दाराबाहेर खोत जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बाळ रडलं आणि त्यापाठोपाठ शेवंतीचा आवाज आला, "आई, पाणी." दोघीही जगल्या. नात झाली होती.

खोतीण नातीला घेऊन दारात आली. खोताने बाळाकडे पाहिलं, हात पुढे केले आणि मध्येच थांबवले.

"ते पहिलं..." त्याने खोतिणीकडे पाहिलं. "ते... मुलगा होता की मुलगी?"

खोतीण त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा संसार झाला, एवढी माणसं घरात येऊन गेली, आणि हा प्रश्न आज आला होता.

"मुलगी," ती म्हणाली.

मग बाळाला वारा लागू नये म्हणून ती आत निघून गेली.

तात्पर्य एवढंच: एखादी वस्तू जिवापाड जपत असाल, तर ती आपण कुणापासून जपतो आहोत, हे घरातल्या माणसांना वेळेवर विचारून घ्यावं.