वय चोरणारं फळ

आटपाट बेट होतं, जपानातलं. तिथे तोमी आजीच्या परसात दाइदाइ नावाच्या आंबट संत्र्याचं झाड होतं. एका हिवाळ्यात सगळी फळं तोडून झाली, पण पानाआडचं एक तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला. गळून पडलेली जुनी फळं उकिरड्यावर जाताना त्याने पाहिली होती. वारा सुटला की ते फांदीला घट्ट धरून बसे. उन्हाळ्यात मात्र, या जातीची रीतच तशी, ते पुन्हा हिरवंगार झालं आणि गुपचूप नव्या फळांत मिसळलं. कुणी विचारलंच तर म्हणे, "मी होय? मी तुमच्याच बरोबरीचं!"

पुन्हा हिवाळा आला, सगळी फळं केशरी झाली. तोमी आजी सुनेला घेऊन आली आणि एकेक देठ चाचपू लागली. आता वर्षभरात जाडजूड झालेला देठ लपवायचा कुठे? भीतीने फळाच्या तोंडचं पाणी पळालं.

"सायो, हे बघ, गेल्या वर्षीचं!" आजी ओरडली.

संपलं सगळं, असं वाटून फळाने डोळे मिटले.

"वर्षभर फांदी न सोडणारं फळ देवापुढे ठेवलं की घराण्याचा वेल टिकतो गं. कधीची शोधत होते मी!"

नववर्षाच्या सकाळी देवापुढे, वाफवलेले तांदूळ कुटून केलेल्या दोन पांढऱ्या गोळ्यांवर त्याला मानाने बसवलं. जरा स्थिरस्थावर होताच ते खाली वाकून गोळ्यांना म्हणालं, "तुम्ही कालचीच पोरं दिसता. मी गेल्या वर्षीचं आहे, बरं का!"