पुढे आलेले पंतोजी

कोणे एके काळी नदीकाठच्या एका गावात एक पंतोजी राहत होते. शब्दांचे अर्थ सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मात्र चार माणसांत बोलायचं म्हटलं की ते मागे सरायचे.

गावातली मुलं वरचेवर पोटदुखीनं आजारी पडत. एक दिवस परटीण पंतोजींकडे आली. म्हणाली, "पंतोजी, वरच्या डोहात म्हशी डुंबतात, मीही तिथंच धुणं धुते. तेच पाणी खाली पाणवठ्यावर येतं. आपण म्हशी आणि धुणं दोन्ही खालच्या अंगाला नेलं तर?"

"अगदी बरोबर बोललीस, बाई!" पंतोजी म्हणाले. "चावडीवर सांग. माझा पाठिंबा आहे."

परटिणीनं चावडीवर सांगितलं. लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला गवळी. म्हशी त्याच्याच होत्या, आणि शाळेला वर्षाचं धान्यही त्याच्याच घरून यायचं.

पाटलांनी विचारलं, "या विचाराचा कोणी पुरस्कर्ता आहे का?"

पंतोजी खांबाआड बसले होते. तो शब्द ऐकून ते चपापले. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कर्ता म्हणजे पुढे करणारा. 'आणि मी तर मागे दडून बसलोय!' त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ते उठले, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "विचार या बाईंचा आहे. तो पुढे करणारा मी. उद्यापासून माझी गाय खालच्या अंगाला जाईल."

"मग धान्याचं विसरा!" गवळी गुरकावला.

ते वर्ष पंतोजींनी अर्धपोटी काढलं. पण रोज सकाळी ते गाय घेऊन खाली जात, परटीण गाठोडं घेऊन जाई. हळूहळू इतरही जाऊ लागले. पोरांची पोटदुखी कमी होऊ लागली. एके दिवशी गवळ्यानंही मुकाट्यानं म्हशी खाली हाकल्या आणि धान्याचं पोतं शाळेत आणून टाकलं.

पुढच्या बैठकीत एक कोष्टी काहीतरी सांगायला उठला आणि अडखळला. लोक हसणार, तोच परटीण पुढे आली. म्हणाली, "आधी त्याचं ऐकून तर घ्या!"

आणि गावानं ऐकून घेतलं.

तात्पर्य: चांगला विचार नुसता पटून भागत नाही, तो पुढे न्यायचा तर आधी आपण पुढे यावं लागतं.