चकती गेली बिळात

ओढ्याच्या अलीकडे राहायची एक चिचुंद्री. इवलीशी. नाक मात्र लांब. नाव तिचं शेवंती.

शेवंती घरीच चकल्या करायची. घरीच तळायची. घरूनच विकायची. खमंग! कुरकुरीत! सगळ्यांना हव्या!

पण घर होतं इटुकलं. पीठ ठेवलं, की झोपायला जागा नाही. झोपलं, की पीठ ठेवायला जागा नाही!

मग शेवंतीनं नवं घर घेतलं. ओढ्याच्या पलीकडे. जांभळाच्या झाडाखाली. दोन खोल्यांचं!

आज निघाली शेवंती नव्या घरी. करवंटीची गाडी. सुपारीची चाकं. गाडीत चूल. गाडीत कढई. गाडीत पीठ. गाडीत सोऱ्या, चकल्या पाडायचा. आणि सगळ्यात वर सोऱ्याची चकती. चांदणीच्या भोकाची चकती.

"आज लगेच लागेल," शेवंती म्हणाली. "वरच असू दे."

का बरं लगेच? कारण आज टिटवीताईच्या बाळाचं बारसं! संध्याकाळी! टोपलीभर चकल्या हव्यात! नव्या घरातलं पहिलंच काम!

गाडी निघाली. खडखड खडखड. ओढ्याकाठी आला दगड. गाडी उडाली. धडाम!

चकती पडली. गरगर गरगर गरगर... गेली खेकड्याच्या बिळात. गुडूप!

शेवंतीनं नाक घातलं. नाक पोचेना. हात घातला. हात पोचेना.

मग तिनं दार वाजवलं. टकटक टकटक.

"खेकडेकाका, खेकडेकाका,
चकती द्या.
चकती मला.
संध्याकाळी बारसं आहे,
चकली अजून व्हायची आहे!"

खेकडेकाका आले तिरके तिरके. "नवीन दिसतेस पोरी! देईन की. पण आत आहे अंधार. मला दिसत नाही. आधी काजव्याचा दिवा आण."

शेवंती पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

काजवा झोपला होता पानाखाली. घुर्रर्र घुर्रर्र.

"काजवेदादा, काजवेदादा,
दिवा द्या.
दिवा खेकड्याला,
चकती मला.
संध्याकाळी बारसं आहे,
चकली अजून व्हायची आहे!"

काजवेदादानं जांभई दिली. "आऽऽऽ! देईन की. पण बाहेर ऊन बघ किती! मला नाही सोसत. आधी अळूच्या पानाची छत्री आण."

शेवंती पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

अळू उभं होतं मान टाकून.

"अळूमावशी, अळूमावशी,
छत्री द्या.
छत्री काजव्याला,
दिवा खेकड्याला,
चकती मला.
संध्याकाळी बारसं आहे,
चकली अजून व्हायची आहे!"

"देईन की गं बाई. पण माझा घसा बघ कसा सुकलाय! आधी पाणी आण."

शेवंतीनं ओंजळीत पाणी घेतलं. ओंजळ केवढी? एवढुश्शी! टप टप टप. सगळं गळून गेलं.

"ओंजळीनं काय होतंय!" अळूमावशी म्हणाली. "मडकंभर आण!"

शेवंती पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भिंतीला कुंभारमाशीचं घर. ती घरीच मडकी घडवायची. तिथंच विकायची. गुंईं गुंईं.

"माशीकाकू, माशीकाकू,
मडकं द्या.
मडकं अळूला,
छत्री काजव्याला,
दिवा खेकड्याला,
चकती मला.
संध्याकाळी बारसं आहे,
चकली अजून व्हायची आहे!"

"देईन की. पण माझी माती संपली ना! आणि मला कुठलीही चालत नाही हं. खडा नको. रेती नको. आधी गांडूळआजोबांची मऊ माती आण."

"आधी, आधी, आधी!" शेवंतीनं पाय आपटले. "जो तो म्हणतो आधी!"

पण सूर्य निघाला होता खाली. शेवंती पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गांडूळआजोबा, गांडूळआजोबा,
माती द्या.
माती माशीला,
मडकं अळूला,
छत्री काजव्याला,
दिवा खेकड्याला,
चकती मला.
संध्याकाळी बारसं आहे,
चकली अजून व्हायची आहे!"

गांडूळआजोबा आले वळवळ वळवळ. "देईन की. पण पोटात काही नाही बघ. आधी मला एक चकली आण."

"चकली?" शेवंतीचं नाकच थरथरलं. "आजोबा, तुम्हाला तर एकही दात नाही!"

"दात नाहीत, पण जीभ आहे ना? चोखून खाईन! चकली दे, माती ने."

शेवंती मटकन खाली बसली.

चकली नाही, तर माती नाही.
माती नाही, तर मडकं नाही.
मडकं नाही, तर छत्री नाही.
छत्री नाही, तर दिवा नाही.
दिवा नाही, तर चकती नाही.
आणि चकती नाही, तर... चकली नाही!

गोल गोल गोल. सगळं गोल! आता कसं होणार बारसं?

शेवंतीनं आपले हात बघितले. इकडून बघितले. तिकडून बघितले. आणि टुण्णकन उडी मारली!

"चकती नाही! पण हात आहेत! आजोबा, कडबोळं चालेल का?"

"कडबोळं!" आजोबा गोल गोल वळले. "पळेल पोरी, पळेल!"

शेवंतीनं गाडी नेली ओढ्यापलीकडे, नव्या घरी. खडखड खडखड. नवी जागा. जुनीच चूल. आधी ठेवलं दूध. दूध वर आलं, वर आलं, उतू गेलं. फस्स्स! झालं घर आपलं!

मग ठेवलं तेल. मळलं पीठ. हातानं केली वळी. लांब लांब लांब. टोकाला जोडलं टोक. गोल गोल कडबोळं! तेलात सोडलं. चर्रर्र!

शेवंती पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गांडूळआजोबांनी कडबोळं चोखलं. चुटूक चुटूक. "वा गं वा!" आणि दिली माती.

माशीकाकूला मिळाली माती. तिनं मडकं घडवलं. गुंईं गुंईं. उन्हात वाळलं. टण टण!

शेवंतीनं मडकं भरलं. बुडबुड बुडबुड. अळूमावशी पाणी प्यायली. घटाघट घटाघट. मान वर झाली. आणि दिली छत्री.

काजवेदादा छत्रीत आला. लुकलुक लुकलुक. बिळात गेला दिवा.

बिळात झाला उजेड. खेकडेकाका आत गेले तिरके तिरके. तिरके तिरके बाहेर आले. नांगीत काय? चांदणीची चकती!

"घे पोरी! पळ आता!"

शेवंती पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

सोऱ्यात चकती बसली. खट्ट! भरलं पीठ. दाबला दट्ट्या. एक वेढा. दोन वेढे. तीन वेढे. तेलात चकल्या. चर्रर्र! चर्रर्र! चर्रर्र! भरली टोपली!

पण टोपली जड. आणि सूर्य टेकला डोंगराला.

"एकटी कुठं ओढतेस?" कोण बोललं? खेकडेकाका! अळूमावशी सोडून सगळेच आले होते घमघमाट घेत. माशीकाकूनं गाडी ओढली. खेकडेकाकांनी ढकलली. ते गाडी तिरकीच न्यायला लागले.

"अहो काका, सरळ! सरळ!" माशीकाकू ओरडली.

"हेच माझं सरळ!" काका म्हणाले.

काजवा पुढे. लुकलुक लुकलुक. आजोबा बसले गाडीत.

टिटवीताईच्या दारात पाळणा. पाळण्यात बाळ. बाळाची आत्या वाकली होती कानाशी. सगळे थांबले होते चकल्यांसाठी. टिटवीताई सारखी वाटेकडे बघत होती.

"आली! आली! शेवंती आली!"

आत्या म्हणाली बाळाच्या कानात, "कुर्रर्रर्र!" आणि नाव सांगितलं, "टिकू!"

सगळ्यांनी उचलली एकेक चकली. कुर्रम! कुर्रम! कुर्रम!

टिटवीताईनं शेवंतीला पाटावर बसवलं. पहिला लाडू तिच्या हातावर ठेवला. "शेवंती, पुढच्या बारशालाही चकल्या तुझ्याच हं!"

"आणि माझ्या दुकानालाही!" माशीकाकू म्हणाली. "मडकं घेईल त्याला एकेक चकली फुकट देईन!"

"आणि मला?" गांडूळआजोबा म्हणाले. "मला आपलं कडबोळंच!"

शेवंतीनं लाडू खाल्ला. आणि तिथंच, पाटावर बसल्या बसल्या, तिला झोप लागली. घरात आता झोपायला जागा होती. पीठ ठेवायलाही होती. पण पाट होता जवळ!

टोपली झाली रिकामी,
गोष्ट आली पोटात!