उभा पाट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाट उतरून येणाऱ्या वाटसरूंसाठी एका राजाने पायथ्याला अन्नछत्र बांधलं होतं. दुपारची घंटा झाली की तिथे तीनशे पानं वाढली जायची. चुलीपाशी, वाटणापाशी, पाण्यापाशी मिळून दहा माणसं राबायची. वाटसरू जेवून गेले की ती दहा जणं एका ओळीत पाट मांडून जेवायला बसायची.

त्यांची एक जुनी रीत होती. कुणाला बरं नसलं की त्याने, नाहीतर त्याच्या घरच्या कुणी, येऊन त्याचा पाट भिंतीला उभा करून ठेवायचा. सकाळी उभा पाट दिसला की बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं, आणि दिवस मावळायच्या आत कुणीतरी त्याच्या घरी पेज घेऊन जायचं. काय होतंय, खरंच होतंय का, असलं काही विचारायचं नाही. पेज द्यायची, घटकाभर बसायचं.

पुढे तिथे एक मुख्य आचारी आला. त्याच्या हातची आमटी खायला लोक वाकडी वाट करून येत. माणूस कष्टाळू, पण बोलायला तिखट. बावीस वर्षांत त्याचा पाट एकदाही उभा राहिला नाही, आणि हे तो रोज एकदा तरी सगळ्यांना ऐकवायचा. आता खरं सांगू का, लहानथोरहो? कामावर न येऊन तो जाणार तरी कुठे होता? चिंचेखालच्या त्याच्या खोलीत वाट बघणारं कुणीच नव्हतं.

एकदा वाटण वाटणाऱ्या बाईचा पाट उभा दिसला. "ताप आहे की तापाचं सोंग?" असं म्हणत आचारी तडक तिच्या घरी गेला. पेज घेऊन नव्हे, हात हलवत. ती गोधडी पांघरून पडली होती. त्याने उलटा हात तिच्या कपाळाला लावून पाहिला.

"एवढ्याशा कसरीला घरी बसायचं? अहो, याच्या दुप्पट ताप अंगात घेऊन मी चुलीशी उभा राहिलोय!"

बाई उठली, पदर खोचला आणि त्याच्या मागोमाग कामावर आली.

त्या दिवसापासून पाट उभे राहीनासे झाले. बारीकसारीक दुखणं सांगायची सोय उरली नाही, तेव्हा लोक मोठमोठी कारणं सांगू लागले. पाणक्याला एकच आत्या होती, ती एका वर्षात तीनदा वारली! ज्यांना खोटं बोलणं जमत नव्हतं, ते खोकत खोकत कणीक मळायचे. पेजेचं पातेलं माळ्यावर गेलं. आचारी मात्र खूश होता. "बघा, आता कुणी आजारी पडत नाही," म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात दुखणं त्याच्याच अंगात शिरलं. नाक चोंदलं, डोळे जळू लागले, तोंडाची चव गेली. तरी उजाडताच तो चुलीपुढे हजर. पाट उभा करायचा आणि सगळ्यांना दाखवायचा? छे! त्याने आमटी चाखली. अळणी लागली म्हणून मूठभर मीठ घातलं. पुन्हा चाखली, पुन्हा अळणी. पुन्हा एक मूठ. सगळ्यांनी पाहिलं, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही.

त्या दुपारी तीनशे पानं वाढली गेली आणि तशीच भरलेली राहिली. दोन डोंगर चालून आलेल्या एका म्हातारीने पहिला घास कसाबसा गिळला, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि गाठोडं उचलून उपाशीच वाटेला लागली. आचाऱ्याने आमटीत बोट बुडवून जिभेला लावलं. काहीच कळलं नाही. तेव्हा तो सगळ्यांकडे वळला.

"तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही?"

वाटणाची बाई खाली बघत म्हणाली, "आचारीबुवा, कुणाला बरं नाही हे बोलायचं नाही, असं तुम्हीच तर शिकवलंत."

तो पळी ठेवून खोलीवर गेला. भर दिवसा ती खोली त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. एक चटई, एक तांब्या आणि कोनाड्यात धूळ. संध्याकाळी वाटेवर पावलं वाजली, तसा तो उठून बसला. पावलं पुढे निघून गेली. त्याचा पाट काही उभा नव्हता, आणि आजाऱ्याच्या घरी जायची सवयही आता कुणाला राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्नछत्राची घंटा झाली. अगदी वेळेवर झाली. आपल्यावाचून तिथलं पान हलणार नाही असं त्याला बावीस वर्षं वाटत होतं. त्याला फार एकटं वाटलं. तांब्यातलं पाणी संपलं होतं, आणि हाक मारायची तर कुणाला मारावी, हेही सुचेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीचा आधार घेत अन्नछत्रात गेला. सगळे हातातलं काम थांबवून बघू लागले. ओळीच्या टोकाचा आपला पाट त्याने उचलला, भिंतीला उभा केला आणि आला तसा परत गेला.

दिवस कलताना दार वाजलं. वाटणाची बाई आत आली. तिचा हात पुढे आलेला पाहून आचाऱ्याने घाईघाईने कपाळ पुढे केलं.

"खरंच ताप आहे हो, बाई. हात लावून बघा हवं तर."

तिच्या हातात वाटी होती.

"मी बघायला नाही आले," ती म्हणाली. "पेज द्यायला आले."

आचारी वाटी हातात धरून रडला. मग त्याने हळूच विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

"मी चाखलंय. प्या तुम्ही," ती म्हणाली, आणि घटकाभर बसली.

त्यानंतर पेजेचं पातेलं पुन्हा माळ्यावर चढलं नाही. पाणक्याची आत्या एके दिवशी स्वतःच पंगतीला येऊन बसली. आचाऱ्याने तिला मुकाट्याने दोनदा आमटी वाढली. दोन डोंगर चालून आलेली ती म्हातारी मात्र परत कधी आली नाही. रोज घंटेच्या वेळी आचारी दारात उभा राहून घाटाकडे बघायचा.

तेव्हा लहानथोरहो, एवढं गाठीला बांधून ठेवा: जो दुसऱ्याचं दुखणं पारखत बसतो, त्याला स्वतःचं दुखणं सांगायला माणूस उरत नाही.